रेडटेल पाळणं म्हणजे घरात एक माणूस वाढवणं

तीन इंचांचं पिल्लू टाकीच्या तळाला पोट टेकून बसलेलं असतं. पाठ काळपट, खालची बाजू पांढरीशुभ्र, तोंडापुढे लांब मिश्या आणि चेहऱ्यावर वयाला न शोभणारा पोक्तपणा. दुकानदार त्याला ‘आरटीसी’ म्हणतो, म्हणजे रेड टेल कॅटफिश. किंमत काही शे रुपये. शेजारच्या टाकीत चपट्या नाकाचा टायगर शॉव्हलनोज, खालच्या टाकीत ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे चंदेरी मासे. मोबाइलवर ‘मॉन्स्टर फिश’चे रील बघून आलेल्या मुलाचं मन तिथेच अडकतं, आणि ‘दोन फुटी टाकी आहेच की घरी’ म्हणून पिशवी बांधली जाते.

हा मासा घरी पाळता येतो का? येतो. मात्र दुकानात माशाची किंमत सांगतात, त्याच्या पाण्याची कोणी सांगत नाही. तो हिशोब इथे मांडला आहे.

## मिश्या सगळ्यांना, स्वभाव वेगळे

कॅटफिश म्हणजे मिश्यांचे मासे. बहुतेकांच्या अंगावर खवले नसतात, नुसती कातडी असते. मिश्यांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे अंधारात, गढूळ पाण्यात हा मासा मिश्यांनीच ‘चाखत’ फिरतो. शिकार करताना तो चावत नाही. जबडा झटक्यात उघडतो, आत पोकळी तयार होते आणि समोरचं पाणी शिकारीसकट आत ओढलं जातं. म्हणून त्याच्याबाबतीत एकच नियम पाठ करावा: तोंडात मावतं ते अन्न. रेडटेलचं तोंड जवळजवळ डोक्याइतकं रुंद असतं, हेही सोबत लक्षात ठेवावं.

रेडटेल मूळचा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतला. चार फुटांपर्यंत वाढतो. गळाने पकडलेल्या रेडटेलचा विक्रम ५६ किलोचा आहे. घरी नीट ठेवला तर तीन फूट सहज गाठतो आणि पंधरा वर्षं जगू शकतो. टायगर शॉव्हलनोजही तीन फुटांचाच, फक्त जास्त घाबरट. दिवा एकदम लावला की काचेवर नाक आपटून घेतो.

‘शार्क’ हा शार्क नाहीच. तो पंगास, म्हणजे हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो त्याच्याच घरातला. मूळ मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांचा, लांबी चार फुटांपर्यंत. तो काही खरा शिकारी नाही, पण कळपाने लांब पल्ले पोहणारा मासा आहे. दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं म्हणजे एसटी बोळात उभी करण्यासारखं.

आणि थाई मांगूर. हा आफ्रिकी कॅटफिश, त्याच्या पालनावर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. कोणी ‘तळ्यासाठी टिकाऊ मासा’ म्हणून देऊ केला तर घेऊ नका.

## लाडवाचं गणित

तीन इंचांचं पिल्लू तीस इंचांचं झालं म्हणजे दहापट झालं, असं वाटतं. लांबीने दहापट, हे खरं. पण मासा लांबीत वाढतो तसा रुंदीत आणि जाडीतही वाढतो. दुप्पट व्यासाचा लाडू वळायला दुप्पट नाही, आठपट बेसन लागतं. तसंच इथे: लांबी दहापट म्हणजे वजन साधारण हजारपट. सात ग्रॅमचं पिल्लू सात किलोचं होतं. त्याची घाण आणि त्याला लागणारा ऑक्सिजन या वजनाच्या मागे जातात, लांबीच्या नाही.

वेगही जबर असतो. नीट खाणारा रेडटेल पहिल्या वर्षात फूट-दीड फुटाचा होतो. म्हणजे दिवाळीत आणलेलं पिल्लू पुढच्या दिवाळीला दोन फुटी टाकीत वळूही शकत नाही.

## पाण्यात नेमकं काय होतं

इथे तीन शब्द एकदाच समजून घेऊ. मासा खातो, आणि त्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. अमोनिया विषारी. फिल्टरमधल्या खडबडीत माध्यमावर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, पण साठत जातं. त्याला पाणी बदलण्याशिवाय घरगुती वाट नाही. जिवाणूंची ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. याला ‘टाकी सायकल होणं’ म्हणतात. चालू टाकीतलं थोडं जुनं माध्यम नव्या फिल्टरमध्ये टाकलं की हा काळ बराच कमी होतो.

आता आकडे. मत्स्यशेतीत वापरलं जाणारं सूत्र साधं आहे: खाद्याचं वजन गुणिले प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२. चाळीस टक्के प्रथिनांचे १०० ग्रॅम पेलेट टाकले, तर सुमारे ३.७ ग्रॅम अमोनिया तयार होतो (नायट्रोजनच्या हिशोबात). सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत प्रत्यक्ष ६०० लिटर पाणी असतं. त्यात हे सगळं एकदम आलं तर लिटरमागे सहा मिलिग्रॅम, आणि टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसायला हवा. दहा हजार लिटरच्या हौदात तेच ०.३७ पडतं. फिल्टर दोन तास बंद पडला तर कोणाचा मासा वाचेल, हे इथेच ठरतं.

पुढे या ३.७ ग्रॅमचं १६ ग्रॅम नायट्रेट होतं. सात किलोच्या माशाला आठवड्याला दोनदा शंभर-शंभर ग्रॅम खाणं घातलं, तर आठवड्याचं नायट्रेट ३२ ग्रॅम. ते लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, तर दर आठवड्याला किमान ८०० लिटर पाणी बाहेर जायलाच हवं. टाकी ६०० लिटरची असो की हौद १०,००० लिटरचा, हा आकडा बदलत नाही. लहान टाकीत ते पाणी आठवड्यातून दोनदा सत्तर टक्के उपसून काढावं लागतं, मोठ्या हौदात एकदा दहा टक्के. टाकी लहान ठेवून पाणी वाचत नाही. मोठी केली तर चूक पचवायची ताकद तेवढी वाढते.

थोडी सूट धरून आठवड्याला हजार लिटर म्हणू. शहरात पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे आठवड्याला ९४५. पाण्याच्या मीटरला विचारलं तर पूर्ण वाढलेला रेडटेल म्हणजे घरातला आणखी एक माणूस. सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावे लागत असतील, तर या माणसाचा हिशोब आधी करा. उपसलेलं पाणी फुकट जात नाही, झाडांना ते खतासारखं लागू पडतं. तेवढी झाडं मात्र हवीत.

## ‘पाणी बदललं आणि मासा मेला’

ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि दोष नव्या पाण्यावर जातो. बहुतेकदा घडतं ते असं. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातले क्षार खातात. शंभर ग्रॅम खाद्यामागे जवळजवळ ४४ ग्रॅम खायच्या सोड्याइतकी क्षारता संपते. पुण्याला येणारं खडकवासल्याचं नळाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ, त्यात क्षारांची शिल्लक कमी. महिनाभर पाणी बदललं नाही की शिल्लक संपते, पीएच घसरतो (म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं), जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया साचू लागतो. मासा तरीही जगतो, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो.

मग उन्हाळ्यात नळाचं पाणी तुटतं, टँकर येतो. टँकरमध्ये बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी, पीएच आठच्या आसपास. ते धो-धो ओतलं की पीएच सहाच्या घरातून आठकडे उडी मारतो. पीएच एकने वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा साधारण दहापट होतो. साचलेल्या अमोनियातला विषारी हिस्सा तासाभरात कैक पटींनी वाढतो. मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो, कल्ले लालभडक दिसतात.

उपाय आधीचा आहे: आठवड्याला एकदा पीएच आणि अमोनिया मोजा, आणि पाण्याचा स्रोत बदलणार असेल तर दिवसाला दहा टक्क्यांहून जास्त ओतू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ मिळतं, ते म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर हजार लिटरला सात ग्रॅम खडे पुरतात. किटवर नायट्राइट दिसलं तर हजार लिटरला एक किलो जाडं मीठ विरघळवून टाका. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हा तात्पुरता बांध आहे, मूळ दोष फिल्टरमध्येच शोधायचा.

## ‘टाकी लहान ठेवली तर मासाही लहान राहील ना?’

नाही. वाढ मंदावते हे खरं, पण खराब पाण्याने आणि कोंडीने. पाठीचा कणा वाकतो, डोकं मोठं आणि धड आखूड असं बेढब शरीर होतं, आयुष्य घटतं. लहान बूट घातल्याने पाय लहान राहत नाही, बोटं वाकडी होतात.

## मग जागा किती?

लांबीपेक्षा रुंदी आधी बघा. माशाला वळायला त्याच्या लांबीपेक्षा जास्त रुंदी हवी. तीन फुटी रेडटेलला दोन फूट रुंदीची टाकी, मग ती दहा फूट लांब का असेना, बोगदाच आहे. आठ बाय चार बाय तीन फूट, म्हणजे २,७०० लिटर, ही काही वर्षांची सोय. कायमचं घर म्हणजे बारा बाय आठ बाय चार फुटांचा हौद. त्याची मापी क्षमता १०,९०० लिटर.

फ्लॅटमध्ये स्लॅबचा प्रश्न येतो. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन) चौरस मीटरला २०० किलो धरतात. दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला नुसत्या पाण्याचे ६०० किलो. सहा फुटी टाकी काच आणि स्टँडसकट ८०० किलोच्या वर जाते. म्हणजे बारा माणसं एका कोपऱ्यात पंधरा वर्षं उभी. ती ठेवायचीच तर बीमवर, भिंतीला लागून, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. आठ फुटी टाकी तीन टनांची, ती तळमजल्यावरच. ‘आमच्याकडे गच्चीवर मोकळी जागा आहे’ हा युक्तिवाद इंजिनिअरसमोर करून बघावा.

काच दोन फूट उंचीला १२ मिमी, तीन फूट उंचीला १९ मिमी आणि वरून आडव्या पट्ट्या. टाकीत हीटर, थर्मामीटर, सक्शन कप, गोटे काही उघडं ठेवू नका. रेडटेल हे सगळं गिळतो. हीटर संपमध्ये घालायचा, संप म्हणजे टाकीखालची फिल्टरची वेगळी टाकी. तळ मोकळा ठेवा, किंवा तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे गुळगुळीत दगड. झाकण जड हवं, कुलूपबंद असेल तर आणखी बरं.

## फिल्टर, वीज आणि थंडी

हौदाचं सगळं पाणी तासाला एकदा फिल्टरमधून जायला हवं. फिल्टरचे कप्पे हौदाच्या एक चतुर्थांश क्षमतेचे ठेवा. आधी घाण बसायचा कप्पा, मग ब्रश किंवा स्पंज, मग के-वनसारखं (प्लास्टिकच्या छोट्या चकत्यांचं) हलतं माध्यम आणि त्याखाली हवेचा दगड. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. शंभर वॉटचा पंप महिन्याला ७२ युनिट खातो. वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, म्हणून इन्व्हर्टरवर पंप नसला तरी एअर पंप हवाच. एक मोठा पंप लावण्यापेक्षा दोन मध्यम लावा. एक जळाला तर दुसरा असतो.

पुण्याची थंडी या माशांच्या हौदाची खरी परीक्षा घेते. रेडटेलला २४ ते २८ अंश मानवतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बाराच्या खाली येतो आणि उघड्या हौदाचं पाणी विशीच्या खाली जाऊ शकतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं, पोटातलं अन्न सडतं. दहा हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला जवळजवळ १२ युनिट वीज लागते, आणि रात्री ती उष्णता उडूनही जाते. म्हणून आधी हौद झाका: पॉलिकार्बोनेट शीट, भिंतींना थर्माकोल, बांधकाम शक्यतो अर्धं जमिनीत. मग हीटर. आणि पाणी २० अंशांखाली असेल त्या दिवशी खाणं बंद.

## जिवंत गोल्डफिश घातला नाही तर शिकार कशी करणार?

करायची गरजच नाही. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज तेच खाणारा मासा काही महिन्यांत झटके देऊ लागतो. शिवाय दुकानातल्या स्वस्त माशांबरोबर परजीवी फुकट येतात. कोंबडी-मटणाची चरबी त्याच्या यकृतात साचते.

पाया पेलेटचा ठेवा, बुडणारे, चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचे. जोडीला चिलापीचे तुकडे आणि कोळंबी. सहा इंचांपर्यंत रोज थोडं, फुटापर्यंत एक दिवसाआड, दीड फुटानंतर आठवड्याला दोनदा. पोट चेंडूसारखं दिसलं की जास्त झालं. जास्त झालेलं तो ओकतो, बहुधा मध्यरात्री, आणि सकाळी पाणी दुधाळ दिसतं. अशा वेळी आधी ओकलेलं काढा, मग पाणी बदला, मग औषधाचा विचार करा. खवले नसल्याने तांब्याची किंवा मॅलाकाइट ग्रीनची औषधं या कातडीला जास्त बाधतात. मात्रा अर्ध्यापासून सुरू करावी.

सोबतीला सकर, म्हणजे काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा मासा, ठेवण्याची पद्धत आहे, ‘काच साफ राहते’ म्हणून. सकरला पंखांत ताठ, अडकणारे काटे असतात. रेडटेल त्याला गिळायला जातो, काटे घशात रुततात, आणि दोघेही मरतात.

## ‘मोठा झाला तर नदीत सोडू, त्यालाही मोकळं वाटेल’

मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. संगम पुलाखाली सोडलेला मासा एका शहराचा राहत नाही. उजनीत सकर आधीच पोहोचला आहे. तो काठात बिळं करून अंडी घालतो आणि जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळं फाडतो. याच पाण्यात आपला शिवडा आणि शेंगाळा राहतात. मिश्यांचे, मोठे, शिकारी, आणि इथलेच. शिवडा तर जगभरच्या धोक्यातल्या माशांच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या ताटात आणखी एक वाटेकरी सोडण्यात भूतदया कसली?

मुद्दाम सोडलं नाही तरी पुराची वाट आहेच. २०१८च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत शोभेसाठी पाळलेले अरापैमा, म्हणजे अ‍ॅमेझॉनमधले अजस्र मासे, सापडले. आपल्याकडे २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. नदीकाठी हौद असेल तर कठडा जमिनीपासून तीन फूट वर आणि वरून जाळी, एवढं तरी हवं.

## आधीच मोठा झाला असेल तर

दुकानं फुटाच्या वरचा रेडटेल सहसा परत घेत नाहीत, कारण गिऱ्हाईक नसतं. फार्महाउसवर बंदिस्त, झाकलेला हौद असलेले शौकीन शोधावे लागतात, आणि मासा एक फुटाचा असतानाच शोधायला लागावं. मिश्यांचा शिकारी हवाच असेल, पण जागा चार फुटी टाकीची, तर पिक्टस पाच इंचांच्या आत राहतो, देशी मिस्टस वीतभराचे. दोन्ही अंधार पडला की तितक्याच ऐटीत गस्त घालतात.

हलवताना दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर पिशवीतच ओकेल. जाळं वापरू नका. छातीच्या पंखांचे काटे जाळ्यात अडकतात, सोडवताना मोडतात, आणि हातात घुसले तर जखम चिघळते. ओली ताडपत्री पाण्यात माशाखाली सरकवा, दोघांनी चार कोपरे धरून उचला आणि झाकणाच्या मोठ्या टबात, त्याच्याच टाकीतल्या पाण्यात ठेवा. बॅटरीचा एअर पंप चालू, दिवा बंद, झाकणावर दोरी.